दुबईचा मे महिना आणि सोळा ठिकाणांची यादी

प्रश्न, थोडक्यात:
नागपूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. त्यांचा धाकटा दीर आणि जाऊ तीन वर्षांपासून दुबईत राहतात. दिराला बकरी ईदची सुट्टी आहे, म्हणून मेच्या अखेरीस सगळ्यांनी या, असा त्याचा आग्रह आहे. जाणार सहा जण: त्या, नवरा, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा, ७१ वर्षांचे सासरे (मधुमेह, इन्सुलिन चालू) आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. मुक्काम दिराच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. नवऱ्यानं पाच दिवसांत बघायच्या सोळा ठिकाणांची यादीही करून ठेवलीय. सासरे म्हणतात, "पंचेचाळीसच्या उन्हात हयात गेली, मला दुबईचं ऊन काय सांगता?" सासूबाईंना फक्त धाकट्याचा संसार बघायचाय. पत्रलेखिकेला दिवाळीत किंवा डिसेंबरात जावंसं वाटतं, पण तसं म्हटलं की "हिला आमच्या माणसांकडे जायचंच नसतं" हे ऐकून घ्यावं लागतं. त्या विचारतात, "मी उगाच घाबरतेय का? आणि जायचंच ठरलं तर कसं निभवायचं?"

उत्तर:

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. पण घरात तुम्ही वाद घालताय तो उन्हावर, आणि उन्हाच्या वादात नागपूरच्या माणसाला आजवर कुणी हरवलेलं नाही. सासऱ्यांनी पांढरा दुपट्टा डोक्याला गुंडाळून, खिशात कांदा टाकून भर दुपारी सायकली हाणल्यात. त्यांना तुम्ही "तिथे चाळीस असतं" म्हणालात की ते हसणारच. आकड्यात ते बरोबरच आहेत. मे महिन्यात दुबईचा दुपारचा पारा साधारण ३८ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे नागपूरपेक्षा कमीच.

फरक हवेत आहे. नागपूरचं ऊन कोरडं. घाम आला की लगेच वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तुमच्या खिडकीतला कूलर चालतो तोही याच न्यायानं. दुबई वाळवंटात असली तरी समुद्राच्या काठावर आहे. हवेत वाफ असली की घाम अंगावरच राहतो, निथळतो, पण अंग गार होत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात हा दमटपणा अगदी असह्य होतो. मेच्या अखेरीस तेवढा नसतो, पण सुरुवात झालेली असते. दमट रात्री एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि क्षणभर समोरचं काही दिसत नाही. आणि रात्र झाली म्हणून सुटका होईल असंही नाही. जुलै-ऑगस्टात तिथे रात्रीसुद्धा पारा तिशीच्या खाली सहसा उतरत नाही.

सासऱ्यांना यातलं काही "तुमच्या वयात" अशा सुरात सांगू नका. एवढंच सांगा की तिथल्या सरकारनं १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी घातलीय. आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाला सुनेच्या काळजीपेक्षा सरकारी नियम लवकर पटतो, हे मी खात्रीनं सांगते.

दुसरी गोष्ट शरीराची. वय वाढलं की तहान उशिरा लागते. पाणी कमी पडलेलं असतं, पण माणूस "नको, आत्ता नको" म्हणत राहतो. त्यात मधुमेह असेल तर रक्तातली साखर वाढल्यावर लघवीवाटे आणखी पाणी जातं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तीही त्यात भर घालते. म्हणजे सासऱ्यांची उन्हाची सवय खरी असली, तरी ती सवय झाली तेव्हाचं शरीर आज राहिलेलं नाही. हे त्यांना डॉक्टरनं सांगायचं, तुम्ही नाही.

आता यादीकडे येऊ. मला खरी काळजी तिचीच वाटते. सोळा ठिकाणं पाच दिवसांत, म्हणजे दिवसाला तीनपेक्षा जास्त. जानेवारीत दोन धट्टेकट्टे मित्र निघाले तर जमेल. तुमचं बिऱ्हाड निघालंय मेअखेरीस. शिवाय अशा याद्या बहुतेक हिवाळ्यातल्या फोटोंवरून केलेल्या असतात. ग्लोबल व्हिलेज म्हणजे ती देशोदेशींच्या दालनांची जत्रा उन्हाळ्यात बंद असते. मिरॅकल गार्डन म्हणजे ती फुलांची बागही ऐन उन्हाळ्यात बंद ठेवतात. तेव्हा यादीतलं प्रत्येक ठिकाण तुमच्या तारखांना उघडं आहे का, हे नवऱ्यानं आधी तपासावं. एकही वाद न घालता तीन-चार नावं आपोआप गळतील.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं: सासूबाईंना फक्त धाकट्याचं घर बघायचंय. मला वाटतं, सासऱ्यांनाही तेच हवंय, फक्त त्यांना ते बोलता येत नाही, म्हणून ते उन्हाच्या गोष्टी सांगतात. मुलगा परदेशात कसा राहतो, काय खातो, ऑफिसातून घरी किती वाजता येतो, सुनेचं कसं चाललंय. हे बघायला बुर्ज खलिफा लागत नाही. नवऱ्याला मुलांना घेऊन हिंडायचंय, आणि त्यातही काही चूक नाही. सहा जणांची सहल एकच असली पाहिजे, हे मात्र तुम्ही सगळ्यांनीच न विचारता धरून चाललाय. इथे दोन वेगळ्या सहली एकमेकींत अडकल्यात.

म्हणून माझा कल सांगते. तुम्ही चौघं मेमध्ये जा, आणि आई-बाबांनी डिसेंबर-जानेवारीत जाऊन चांगलं तीन-चार आठवडे धाकट्याकडे राहावं. त्या दिवसांत तिथली हवा अप्रतिम असते. सासरे सकाळी फिरायला जाऊ शकतील, सासूबाई खाली बागेत बसू शकतील. पर्यटक व्हिसा तीस किंवा साठ दिवसांचा मिळतो, त्यामुळे घाई नाही. मुंबईहून जेमतेम तीन तासांचं विमान आहे. दोघंच जाणार म्हणून धास्ती वाटत असेल तर तिकीट काढतानाच विमानतळावरच्या व्हीलचेअरची सोय नोंदवा. ती माणसं दारापासून विमानापर्यंत सोडतात, आणि सामान, रांगा, कागदपत्रं या सगळ्यातून सोबत करतात.

पण हा प्रस्ताव तुमच्या तोंडून जायला नको. तुम्ही म्हणालात तर तो "आई-बाबांना वगळलं" होईल. तोच दिरानं फोन करून "बाबा, ईदच्या गर्दीत धावतपळत नका येऊ, थंडीत महिनाभर माझ्याकडे राहायलाच या" असं म्हटलं, तर ते निमंत्रण होईल. दिराशी नवऱ्यानं बोलावं. आणि जावेशी तुम्ही स्वतः बोला, तेही मोकळेपणानं. एका बेडरूमच्या घरात आठ माणसं, बाहेर पडायला दुपारभर वाव नाही, एक बाथरूम असेल तर सकाळी रांग. तिनं अजून तोंड उघडलं नसेल, कारण सासरच्या माणसांना "जागा नाही" कसं म्हणायचं! तिला कदाचित तुमच्याहून जास्त हायसं वाटेल.

दिवाळीत सगळ्यांनी एकत्र जाण्याचा तुमचा पर्यायही वाईट नाही. नोव्हेंबरात दुपारी तीस-एकतीस अंश असतात, संध्याकाळी छान. पण तेव्हा तिथला हंगाम सुरू झालेला असतो, हॉटेलं महाग होतात, आणि मुख्य म्हणजे दिराला सुट्टी नसते. तो शनिवार-रविवारीच भेटेल. आई-बाबांसाठी महिनाभराचा मुक्काम असेल तर ते चालतं, पाच दिवसांच्या सहलीत चालत नाही. मेच्या बाजूनं एवढा एक मुद्दा नक्की आहे: ईदला तिच्या आदला अरफाचा दिवस धरून तिथे चार दिवस सुट्टी असते, त्याला शनिवार-रविवार जोडला गेला तर आणखी. म्हणजे भाऊ घरी भेटेल. चंद्रदर्शनावर तारीख ठरते, त्यामुळे तिकिटं काढताना एखादा दिवस इकडेतिकडे धरून चाला.

आता समजा, सासऱ्यांनी काही ऐकलं नाही आणि सगळेच निघालात. तर मग दिवस उलटा करा.

दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आपल्याकडे सकाळी सहाला उठणाऱ्या माणसाला तिथे साडेचारलाच जाग येते. पहिले दोन-तीन दिवस ही जाग तशीच राहू द्या, ती सोन्यासारखी आहे. मेअखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. चहा घेऊन, सासऱ्यांचं इन्सुलिन आणि नाश्ता आटपून सहाला बाहेर पडा आणि साडेआठ-नऊपर्यंत परत या. ही वेळ खाडीकाठच्या जुन्या दुबईसाठी ठेवा. बर दुबईहून देरा बाजूला जाणारी लाकडी होडी, अब्रा म्हणतात तिला, एका दिऱ्हमात पलीकडे नेते. जवळच अल फहिदीचा जुना मोहल्ला आहे, अरुंद बोळ, मातकट रंगाच्या भिंती आणि घरांवर चौकोनी मनोरे. ते मनोरे वारा पकडायला बांधलेले आहेत. कुठल्याही दिशेनं वारा आला तरी तो खाली खोलीत उतरतो. सासऱ्यांना ते आवर्जून दाखवा. आपल्याकडे वाळ्याचे ताटे भिजवून दारं-खिडक्यांना लावायचे, त्याच जातीची ती अक्कल आहे, आणि वीज येण्याआधी माणसं कशी राहिली यावर ते तुम्हाला तासभर सांगतील. पाच दिवसांत त्यांना सगळ्यात जास्त आवडेल ते हेच, असं मला वाटतं. फक्त रविवारी मेट्रो सकाळी आठलाच सुरू होते, त्या दिवशी टॅक्सी धरा.

नऊ ते पाच घरात. जेवण, झोप, पत्ते, भावंडांच्या गप्पा. नवऱ्याला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटेल. त्याला आठवण करून द्या की भावाला भेटायला आलोय आणि भाऊ याच वेळात भेटतो.

संध्याकाळी सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा दुसरी फेरी. इथे नवऱ्याच्या यादीतलं एकच मोठं नाव घ्यायचं, एका दिवशी एकच. बुर्ज खलिफाची तिकिटं वेळेनुसार असतात आणि सूर्यास्ताच्या वेळेची महाग. रात्रीचीही चांगली दिसते, उगाच जास्त पैसे घालू नका. ईदच्या गर्दीत आयत्या वेळी तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका, आधी काढून ठेवा. समुद्रावर जायचं तर अंधार पडल्यावर. उम्म सुकैमसारख्या काही किनाऱ्यांवर रात्री पोहायला दिव्यांची आणि जीवरक्षकांची सोय आहे. मेअखेरीस पाणी अजून सुखावह असतं.

"मॉलमध्ये जाऊ, तिथे एसी आहे" हा सगळ्यांचा ठरलेला तोडगा. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तो फसवा आहे. दुबई मॉलच्या मेट्रो स्टेशनातून मॉलपर्यंत जाणारा बंद पूलच आठशे मीटरहून लांब आहे. मध्ये सरकते पट्टे आहेत, पण तरी. मॉलच्या आत तर किलोमीटरच्या हिशेबात चालणं होतं. सासूबाईंना घेऊन जाल तर टॅक्सीनं थेट दारापर्यंत जा आणि व्हीलचेअर मागून घ्या. "लोक काय म्हणतील" असं त्या म्हणतील. तिथे त्यांना कुणी ओळखत नाही, हे सांगा. मुलांना मॉल ऑफ द एमिरेट्समधल्या कृत्रिम बर्फात खेळायला न्यायचं तर फक्त बाप आणि मुलं जाऊ देत. आत तापमान शून्याखाली असतं. चाळिशीतून तिथे आणि परत चाळिशीत, हा खेळ सासऱ्यांसाठी नाही.

वाळवंटातली सफारी यादीत असणारच. उंचसखल वाळूवर गाडी अक्षरशः उडवतात. कंबर-गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी आणि लहान मुलांनी ती करू नये. नवरा आणि मुलगी दोघंच जाऊ देत. त्या संध्याकाळी बाकीच्यांनी घरी जावेच्या हातचं जेवावं.

आई-बाबांसाठी एक लांबचा दिवस ठेवायचा तर अबू धाबीजवळचं हिंदू मंदिर बघा. २०२४च्या फेब्रुवारीत उघडलेलं, हातानं कोरलेल्या दगडाचं आहे. दुबईहून गाडीनं तास-दीड तास. जाण्याआधी नोंदणी आणि दर्शनाच्या वेळा तपासा. एवढा प्रवास झेपणार नसेल तर दुबईतच जेबेल अलीला २०२२ साली झालेलं मंदिर आहे. देव दोन्हीकडे तेच आहेत.

गाड्यांचा हिशेब आधी करा. तुम्ही सहा आणि ते दोघं, आठ जण एका गाडीत मावणार नाहीत. दहा वर्षांखालच्या मुलांना तिथे पुढच्या सीटवर बसवता येत नाही, आणि लहानग्याला गाडीत मुलांची खास सीट लागेल का, ते दिराला विचारून ठेवा. मेट्रोत खाण्यापिण्यावर बंदी आहे, पकडलं तर शंभर दिऱ्हम दंड. तेव्हा पाणी स्टेशनात शिरण्याआधी पाजा. आणि "दोन मिनिटांत येतो" म्हणून मुलाला बंद गाडीत कधीही, कुणीही, कुठल्याही कारणानं ठेवायचं नाही. उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत जीवघेणी तापते.

घरातली एक छोटी गोष्ट. उन्हाळ्यात इमारतींच्या टाक्यांतलं पाणी इतकं तापतं की थंडच्या नळालाच कढत पाणी येतं. तिथली माणसं गीझर बंद ठेवतात आणि त्यातलं, एसीच्या घरात निवलेलं पाणी अंघोळीला घेतात. छोट्याला नळाखाली उभं करण्याआधी हात घालून बघा.

बॅगा भरताना खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत येते आणि त्यापायी लोक तुरुंगात गेलेत. नुसती पुडी नेली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. जावेसाठी नेणार असलेला घरचा गोडा मसाला, अनारसे, डिंकाचे लाडू, यांत खसखस असते. सासूबाई प्रेमानं करतील आणि डब्यात भरतील, म्हणून त्यांना आत्ताच सांगा. विड्याची पानंही नेऊ नका. खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही औषधांवर तिथे निर्बंध आहेत. सगळ्यांची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, आणि शंका असलेली औषधं तिथल्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. मुलांचे पासपोर्टही आजच काढून बघा. त्यांची मुदत पाचच वर्षांची असते, आणि प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने शिल्लक लागतात.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत, थंड राहणाऱ्या पाऊचमध्ये. सामानाच्या बॅगेत नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर नाही, आणि फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नाही. ग्लुकोमीटर सोबत हवाच. घाम फुटणं, गरगरणं, चिडचिड ही उन्हाची लक्षणं आहेत आणि साखर खाली गेल्याचीही. नुसतं बघून कळत नाही, तपासावंच लागतं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, शुद्ध हरपतेय असं वाटलं तर ते निव्वळ "ऊन लागलं" नाही, उष्माघात असू शकतो. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि ९९८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. प्रवासाचा विमा काढताना मधुमेह आहे हे लपवू नका, नाहीतर नेमक्या वेळी तो नाकारला जातो.

नवऱ्याशी बोलताना "जायचं की नाही" हा विषयच काढू नका. जायचं आहेच, हे तुम्ही आधी म्हणा. मग त्याच्या हातात तीन कामं द्या: यादीतल्या सोळापैकी काय उघडं आहे ते बघणं, भावाला फोन करणं आणि वडिलांना डॉक्टरांकडे घेऊन जाणं. तिसरं काम त्यानंच करायचं, स्वतः केबिनमध्ये बसून. मेअखेरीस दमट उन्हात पाच दिवस जाणार आहोत, इन्सुलिन आणि गोळ्या कशा घ्यायच्या, जेवणाच्या वेळा बदलल्या तर काय, ओआरएस चालेल का आणि किती, हे प्रश्न त्यानं विचारायचे. डॉक्टर "बिनधास्त जा" म्हणाले तर तुम्हीही मोकळ्या मनानं बॅग भरा. "नको" म्हणाले, तर ते घरी येऊन सांगायचंही त्याच्याकडेच.